आडवी बाटली

वाइनची बाटली आडवी ठेवायची असते. बूच ओलं राहावं म्हणून. बूच वाळलं की आकसतं, फटीतून हवा आत शिरते आणि आतला रस खवट होतो. हे मला मामेभावाने सांगितलं. दादा फ्रान्समध्ये ल्योंला नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून एक बाटली घेऊन आला. (परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. तीच इथे विकत घ्यायची तर आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलंय.) "तू साहित्याची माणूस ना, मग हिचं रसग्रहण कर," असं म्हणून तो गेला. मी बाटली लोखंडी कपाटात साड्यांखाली आडवी ठेवली. चौथ्या दिवशी ती आईला सापडली.

"हे बाटली आडवी काहून ठेवली?"

आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. दुकान बंद व्हायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला गेली किंवा माहेरी होती किंवा नवऱ्याला भिऊन घरातच बसली, ती हिशेबात उभ्या बाटलीच्याच बाजूची. आमच्या गावात आई पंधरा दिवस दारोदार फिरली होती. थोडक्यात हुकलं. दुकान राहिलं. बाबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. कशाने ते वेगळं सांगायला नको.

तर आडव्या बाटलीचं हे घर. आणि त्या घरात ओकच्या पिंपात मुरवलेल्या फ्रेंच पांढऱ्या वाइनचं रसग्रहण करायला बसलेली मी. रोज एसटीने चिखलीला जाते, तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, बारावीच्या पोरांना रसग्रहणाचा प्रश्न सोडवायला लावते. त्यामुळे दादाने गमतीत म्हटलेलं मी जरा मनावर घेतलं.

बाटली मर्सोची होती. बर्गंडीतल्या कोत द बोन भागातलं हे एक गाव, चुनखडीच्या उतारावरचं. द्राक्ष शार्डने. (कामूच्या 'आउटसायडर'च्या नायकाचं नावही तेच. मी वर्गात इतकी वर्षं 'म्यूरसॉल्ट' म्हणत आले, हे दादाने हसत हसत दुरुस्त केलं.) सोबत दादाने दुकानाच्या साइटवरची चवीची टिपणी मराठी करून पाठवली होती: लोणी, भाजलेला पाव, व्हॅनिला, हेझलनट, पांढरी फुलं, लिंबूवर्गीय फळं, खनिजपणा.

मी हे वर्गातल्या कवितेसारखं वाचलं आणि माझा पहिला आक्षेप 'पांढरी फुलं' या शब्दांना होता. कोणती पांढरी फुलं? मोगरा, अनंत, कुंदा, तगर, पारिजातक, रुई, कण्हेर? मोगऱ्याचा वास खोलीभर पसरतो, तगरीला जवळपास वासच नाही, आणि रुईचा वास घ्यायला कोणी वाकत नाही. मराठीत 'पांढरी फुलं' म्हटलं की डोळ्यांपुढे रंग येतो, नाकापुढे काही येत नाही. हेझलनट मी फक्त चॉकलेटच्या वेष्टनावर पाहिलंय. 'खनिजपणा' तर मराठीत नुसता उचलून ठेवलेला दगड आहे.

पण एवढ्यावर टिपणीला खोटं ठरवणं सोपं आहे, आणि इन्स्टावर तेच चालतं. दर दोन-तीन महिन्यांनी एक रील फिरते: वाइनचे तज्ज्ञ कसे उघडे पडले. तिच्यामागचा प्रयोग खरा आहे. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. रीलवाले यातून काढतात की हे सगळं थोतांड आहे. निबंधातून निघतं ते वेगळं: डोळा नाकाच्या आधी पोचतो आणि शब्दांची पिशवी तोच निवडतो. यात मला नवल वाटलं नाही. मी वर्गात कविता देते तेव्हा वर कवीचं नाव छापलेलं असलं तर निम्म्या वर्गाला पहिल्या ओळीपासून 'विद्रोह' दिसतो. नाव झाकून तीच कविता दिली तर तीच पोरं 'निसर्गवर्णन' लिहितात. म्हणून कविता खोटी होत नाही, आणि पोरंही ठार आंधळी नसतात.

दुसरं असं की त्या टिपणीतले काही शब्द अगदी अक्षरशः खरे आहेत. मी थोडं वाचलं तेव्हा हे कळलं आणि जरा वरमले. द्राक्षरस आंबून दारू झाली की त्यात मॅलिक आम्ल उरतं, हिरव्या सफरचंदात असतं ते. मर्सोसारख्या वाइनमध्ये मग जिवाणू कामाला लागतात, दह्यातल्या जिवाणूंचे चुलतभाऊच. ते या आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे दह्याताकातलं आम्ल. आंबटपणा मऊ होतो, आणि वाटेत डायअ‍ॅसिटिल नावाचं एक द्रव्य तयार होतं. लोण्याला जो वास येतो त्यात हेच द्रव्य असतं. म्हणजे 'लोणी' ही उपमा नाही, जवळजवळ रासायनिक अहवाल आहे. गंमत म्हणजे इथे इंग्रजी 'बटर'पेक्षा मराठी 'लोणी' जास्त अचूक बसतं. फ्रेंच लोकांचं परंपरेचं लोणी विरजलेल्या सायीचं असतं. खारट पिवळ्या वडीपेक्षा ते आपल्या रवीच्या लोण्याच्या जवळचं.

ओकचंही तसंच. बर्गंडीतलं पिंप २२८ लिटरचं असतं. लाकूड फाडून उन्हापावसात दोन-तीन वर्षं ठेवतात, मग फळ्या विस्तवावर धरून वाकवतात. त्यात आतली बाजू भाजली जाते. या भाजण्यातून व्हॅनिलाचं व्हॅनिलिन येतं, धुराचा वास देणारी द्रव्यं येतात. लाकडात मुळातच युजेनॉल असतं, लवंगेला लवंगेचा वास देतं ते. आणि लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, ज्यांचा वास सरळ नारळाचा. पिंप नवं असेल तर हे सगळं भरपूर, तीन-चार वेळा वापरलेलं असेल तर नावापुरतं. चांगला वाइनवाला नवी-जुनी पिंपं मिसळून वापरतो. वाईट वाइनवाला लाकूडच विकतो.

यातला एकही वास बुलढाणा जिल्ह्याला अनोळखी नाही. परका आहे तो त्या वासांना दिलेला पत्ता.

१९८४ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅन नोबल या प्राध्यापक बाईंनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. आत ढोबळ शब्द, बाहेर जाल तसे नेमके. त्यांनी 'सुंदर', 'राजस', 'भारदस्त' असले शब्द मुद्दाम बाहेर ठेवले. जे वस्तूला दाखवतात तेवढेच आत. त्यात ओला कुत्रा आहे, रॉकेल आहे, जळालेली काडी आहे. मला हे चक्र समीक्षेचं पुस्तक म्हणून आवडलं. आमच्याकडे पोरं रसग्रहणात 'कवीने अत्यंत समर्पक शब्दांत' लिहून पाच मार्क घेऊन जातात. मीच देते.

आणि आपल्याकडे तर समीक्षेचे सगळे शब्द स्वयंपाकघरातून आले: रस, आस्वाद, रुची, चव, रसिक. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींना रस म्हणजे काय हे सांगायचं होतं तेव्हा त्यांनी जेवणाऱ्या माणसाचंच उदाहरण घेतलं. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न खाणारा, प्रसन्न मनाचा माणूस. इतक्या खाण्यापिण्याच्या शब्दांवर उभी असलेली परंपरा आणि प्रत्यक्ष पेल्यासमोर बसलं की आपण 'व्हॅनिला, हेझलनट' लिहितो. मराठीत वाइनवर जे लिहिलं जातं ते मी या निमित्ताने बरंच वाचलं. बहुतेक लेखन दोन प्रकारचं. एक, इंग्रजी टिपण्यांचं भाषांतर. दुसरं, 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे पटवून देणारं.

या दुसऱ्या प्रकाराबद्दल थांबून बोलायला हवं. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा हे वाक्य मोठमोठ्याने म्हटलं गेलं. द्राक्ष बागायतदारांचं हित हा मुद्दा खरा होता, त्यावर वाद घालता येतो. पण हे वाक्य खरं नाही. हिशेब करा. देशी दारूत अल्कोहोल ४२.८ टक्के, तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. मर्सोत १३ टक्के धरा, तर ७५० मिलीच्या बाटलीत साडेसत्याण्णव मिली. दादाने टॉवेलात गुंडाळून आणलेल्या त्या देखण्या बाटलीत एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू आहे. फरक आहे तो ती किती वेळात, कोणासोबत, कशावर आणि किती पैशांत प्यायली जाते यात. म्हणजे फरक वर्गाचा आहे. 'वाइन दारू नव्हे' म्हणणारा माणूस खरं तर 'मी तसला नव्हे' म्हणत असतो. बाबा तसले होते.

म्हणून मी ठरवलं की बाटली उघडायची तर आईसमोर, आणि तिला दारू म्हणूनच. आई म्हणाली, "मी पेणार नाही. वास घेतो म्हणशीन तं घेतो." आमच्याकडे बायकाही 'घेतो' म्हणतात.

डिसेंबरचा रविवार. आमचं गाव घाटावर, चिखली तालुक्यात. या दिवसांत संध्याकाळी अंगणात बसलं तर अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. हीच बाटली मे महिन्यात घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे उघडली असती तर पेल्यात ओतेपर्यंत काढा झाला असता. पुस्तकं सांगतात की ओकवाली पांढरी वाइन ११ ते १३ अंशांवर द्यावी. फ्रिजमधून काढल्या काढल्या ती चार-पाच अंशांवर असते. मी तशीच ओतली आणि चाखली. नुसतं गार आणि आंबट. वास जवळजवळ नाहीच. ही चूक हॉटेलांतही सर्रास होते. गारठवून दिली की वाईट वाइनही खपते, आणि चांगली वाया जाते. वीस मिनिटांनी ती उघडली. तासाभराने, हाताची ऊब लागलेल्या शेवटच्या घोटात, दारूची झणझण आणि लाकडाचा कडवटपणा पुढे आला. एकाच पेल्यात तीन वाइन.

पेल्याचा प्रश्न होताच. दादाने दिलेला दांडीचा ग्लास येतानाच फुटला होता. मग मी काचेचा पाण्याचा ग्लास घेतला आणि शेजारी स्टीलचा गडू. गडूचा आकार पाहा: पोट मोठं, तोंड आवळलेलं. बर्गंडीचा ग्लास याच तत्त्वावर असतो, वास पोटात साठावा आणि तोंडाशी गोळा व्हावा. वास गडूतच चांगला आला. रंग मात्र दिसत नाही, आणि ओठाला धातू लागतो. पितळेचा गडू मी काढत होते तर आईने हातातून घेतला. आंबट पितळेत ठेवत नाहीत.

मग आईने वास घेतला. मी तिला टिपणी दाखवली नव्हती. गडू नाकाशी धरून ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं बाबांचं काही आठवतंय.

"बेरीचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

लोणी कढवून तूप केलं की कढईच्या बुडाशी जी तांबूस खरपूस साय चिकटून राहते, ती बेरी. लहानपणी आम्ही ती साखर टाकून खायचो. लोणी आणि भाजलेला पाव हे टिपणीतले दोन वेगळे शब्द मराठीत एकाच शब्दात, एकाच कढईत आहेत. मी पुन्हा वास घेतला आणि मग मला दुसरं काही येईना. पुन्हा थोड्या वेळाने तिने सांगितलं, "खोबरं. अन् काडी ओढल्यासारखं." काडीचं मी तपासलं. हल्ली बर्गंडीत वाइनला हवा कमी लागू देण्याची पद्धत आहे, त्यातून गंधकाची काही संयुगं तयार होतात आणि ओढलेल्या काडीचा वास येतो. काहींना तो हवासा वाटतो, काहींना दोष. नोबलबाईंच्या चक्रातही जळालेली काडी आहेच. मला तो पहिली दहा मिनिटं खटकला, मग हवेने गेला.

आईच्या नाकाचं कौतुक करून हा लेख गोड करायचा मोह आहे, पण तिने पुढे काय केलं तेही सांगते. गडू खाली ठेवला, हात साबणाने धुतला आणि म्हणाली, "वास चांगला आहे म्हणून काय. मोहाच्या फुलाचाबी चांगला असते."

आता जेवण. फ्रेंच लोक मर्सोसोबत सायीतली कोंबडी, लोण्यातला मासा, शेवंड असलं काही खातात. सूत्र असं की वाइनचं अंग जाड, तर जेवणही स्निग्ध हवं, आणि वाइनचा आंबटपणा तो तुपटपणा कापतो. मी आधी बाजारातून आणलेली शेगावची कचोरी घेतली, कारण बुलढाण्यातून लिहायचं तर तिला टाळता येत नाही. टाळायला हवी होती. तळणाला आंबटपणा छान कापतो, पहिला घास बरा लागतो. मग सारणाचं तिखट पोचतं. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवतं, हे शरीराचंच गणित आहे, आणि ओकचा तुरटपणा त्या जाळात कडू होतो. सोबतची तळलेली मिरची खाल्ल्यावर वाइन राहिलीच नाही, नुसती आग आणि लाकूड. 'भारतीय मसालेदार जेवणासोबत वाइन' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावं.

आईने त्या दिवशी रोडगे केले होते. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, कुस्करून वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. भाजी झणझणीत होती, ती वाइनने नाकारली. पण रोडगा, तूप आणि फिकं तुरीचं वरण, एवढंच ताटात ठेवून घोट घेतला तेव्हा मी खरंच थांबले. विस्तवावर भाजलेली कणीक आणि विस्तवावर भाजलेलं पिंप. तुपाने तोंड भरतं, वाइन ते धुते, पुन्हा भाजल्याचा वास वर येतो. वरणात थोडं लिंबू पिळलं तर वाइन पाणचट लागते; पिळू नये. दोघांत उणं एवढंच की वाइन संपल्यावर रोडगा पुरतो, रोडगा संपल्यावर वाइन जरा एकटी पडते. हे माझं मत. मर्सो चांगली होती, थोर नव्हती. पहिला अर्धा तास लाकूड द्राक्षापेक्षा मोठ्याने बोलत होतं.

हे फक्त फ्रेंच बाटलीनेच होतं असं मी म्हणणार नाही. अकलूजला फ्रातेल्लीने शार्डने लावली आहे. १९७६ साली पॅरिसच्या ज्या आंधळ्या चाचणीत कॅलिफोर्नियाच्या शार्डनेने बर्गंडीला हरवलं, ती भरवणारे स्टीव्हन स्परियर पुढे त्याच फ्रातेल्लीसाठी वाइन घडवायला सोलापूर जिल्ह्यात येऊन गेले. त्या चाचणीत दुसरी आलेली वाइन मर्सोचीच होती. म्हणजे बर्गंडी, कॅलिफोर्निया, अकलूज अशी वाट आधीच पडलेली आहे. त्या वाटेवर शब्द मात्र एकतर्फीच आलेत.

आईशी त्या रात्री थोडा वाद झाला. तिचं म्हणणं, तुझी पोरं हे वाचतील. मी म्हटलं, त्यात क्वार्टरचा हिशेबही वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, तेही मी लिहीन. "लिहिशीन, पण वासाचं चांगलं लिहिशीन," आई म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वास चांगला होता.

उरलेली अर्धी बाटली मी बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली. उघडलेली बाटली उभीच ठेवतात. आडवी केली तर आतल्या वाइनला जास्त हवा लागते. सकाळी पाहिलं तर ती आडवी होती, बुचाभोवती फडकं बांधलेलं, आणि तरी थेंब थेंब गळून खालची कोथिंबीर ओली झाली होती. मी काही विचारलं नाही.

दुपारी दादाचा मेसेज आला, कशी होती म्हणून. मी एसटीत होते, घाईत रोमन लिपीतच लिहिलं: बेरी, खोबरं, ओढलेली काडी, रोडग्यासोबत चांगली, कचोरीसोबत नको. त्याचं लगेच उत्तर: "कोणती बेरी? स्ट्रॉबेरी का ब्लूबेरी? मर्सोत असं नसतं गं."

घरी गेल्यावर मी त्याला तुपाच्या कढईच्या बुडाचा फोटो पाठवला.